शून्य म्हणजे कोणीही थांबलं नाही

ऑफिसात ताईला पाठीमागे सगळे 'कुलूपवाली' म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिला ते मनातून आवडायचं. माणसाला नाव पडतं ते उगाच पडत नाही. तिने केलं होतं ते असं. शहरातल्या सगळ्या रुग्णवाहिकांची नोंद ज्या डेटाबेसमध्ये असते, तो कधी अडकतो, कुठे अडकतो, कोणाला किती वेळ थांबवतो, हे एका नजरेत दाखवणारा तक्ता तिने बांधला होता. त्यांच्या धंद्यात त्याला व्ह्यू म्हणतात. त्याची माहितीपुस्तिकाही तिनेच लिहिली होती, आणि ती इतकी सोपी की साहेबलोकांनासुद्धा कळायची. चेष्टा नाही हो. साहेबलोकांना कळेल असं लिहिणं म्हणजे काय खायचं काम आहे?

तर त्याच पुस्तिकेतलं एक वाक्य उठलं आणि त्याने तिच्या सख्ख्या बहिणीचा गळा धरला.

बहीण म्हणजे बारकी. वयाने मोठी झाली, नोकरीला लागली, तरी घरात बारकीच. ताईच्याच ऑफिसच्या इमारतीत, एक मजला खाली, ती रुग्णवाहिकेच्या फोनवर बसायची. घाबरलेल्या माणसाचा फोन आला की पत्ता विचारायचा, पडद्यावर जवळची गाडी निवडायची, 'पाठवा' दाबायचं आणि गाडी पोचेपर्यंत त्या माणसाला धीर देत राहायचं. हे काम दिसतं सोपं. करून बघावं एकदा.

त्या दिवशी दुपारी, पाळी बदलायच्या वेळेला, एका बाईंचा फोन आला. नवऱ्याच्या छातीत दुखत होतं, अंगाला घाम सुटला होता. बारकीने पत्ता घेतला, गाडी निवडली. पण गाडी प्रत्यक्षात निघाली ती गॅसवरचा चहा उकळून, उतू जाऊन, भांडं करपेल इतक्या उशिराने. गाडी दारात पोचली तेव्हा गृहस्थ गेले होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोनचं रेकॉर्डिंग होतं. त्यात बारकीचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, "निघाली हो बाई, गाडी निघाली, तुम्ही घाबरू नका." तेव्हा गाडी निघालेली नव्हती. गाडीवाल्याला निरोपसुद्धा पोचला नव्हता.

बारकीला घरी बसवलं आणि चौकशी लागली. बारकीचं म्हणणं एकच, पडदा अडकला होता, मी दाबत होते, गाडी जात नव्हती. चौकशीवाल्यांनी ताईच्या खात्याला विचारलं की त्या तासात डेटाबेस अडकला होता का. खात्याने ताईचा व्ह्यू उघडला. त्या तासापुढे शून्य होतं. खात्याने त्या शून्याची प्रत काढली आणि सोबत पुस्तिकेचं पान जोडलं. पानावर एका वाक्याखाली लाल रेघ मारली होती: 'ज्या तासापुढे शून्य आहे, त्या तासात कोणालाही थांबावं लागलेलं नाही.'

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते हेच. ते वाक्य ताईचं होतं.

"म्हणजे बारकी खोटं बोलतेय?" आईने विचारलं. आई भाजी निवडत होती, पण निवडलेली आणि सडकी एकाच ढिगात टाकत होती.

"मी असं कुठे म्हणाले?"

"तुझा कागद म्हणतोय ना."

"आई, तो कागद नाही, आकडा आहे. मशीन मोजतं, मी नाही."

"मग तुझ्या त्या आकड्याला सांग ना काहीतरी," आई म्हणाली. "तू सांगितलंस तर नाही का ऐकणार तो? तूच केलायस ना त्याला?"

यावर एरवी ताई हसली असती. आता तिला हसूही येईना आणि रडूही येईना. ती आईसमोर खाली बसली आणि तिने आईला लॉक म्हणजे काय ते समजावलं. असं समज, आपल्या घरात न्हाणीघर एकच आहे. आत कोणी गेलं की कडी लावतं. का लावतं? दोघांनी एकदम शिरू नये म्हणून. गाड्यांच्या नोंदीचंही तसंच. एका गाडीच्या नोंदीत एक जण काही बदलत असला की तो कडी लावतो, तेच लॉक. दुसऱ्याने दाराबाहेर थांबायचं. कोण किती वेळ थांबला ते माझा व्ह्यू मोजतो. त्या दुपारी दाराबाहेर कोणी नव्हतंच, असं तो सांगतोय.

"होती ना बारकी," आई म्हणाली.

"हो, पण..."

"पण काय? ती म्हणतेय ना होती म्हणून!"

ताईने मान खाली घालून ढिगातली सडकी पानं वेगळी करायला घेतली. कारण खरी गोष्ट आईला ठाऊक नव्हती. त्या दुपारी, ते सगळं झाल्यावर लगेच, बारकीने ताईला फोन केला होता. ताई मीटिंगमध्ये होती. बारकी धापा टाकत म्हणाली होती, "ताई, पडदा अडकला होता गं, गाडी जातच नव्हती, असं होतं का? तू बघतेस का जरा?" ताईने समोरच्याच संगणकावर व्ह्यू उघडला, शून्य पाहिलं आणि म्हणाली, "नाही गं, काही नाही अडकलेलं. शून्य आहे. तुझंच काहीतरी झालं असेल. नंतर बोलू." आणि फोन ठेवला. नंतर म्हणजे संध्याकाळी, तोवर घरात सुतक असल्यासारखी शांतता झाली होती.

बारकी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. जेवायला हाक मारली की यायची, ताटात बोटं फिरवायची आणि उठायची. ताईशी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. ताईने विचारलं की तेवढ्यास तेवढं उत्तर द्यायची, बँकेच्या खिडकीवर देतात तसं.

"बारके, नीट आठव. नक्की काय झालं होतं?"

"सांगितलं ना. अडकला होता."

"किती वेळ?"

"गाडी जाईपर्यंत."

"मग तू 'निघाली' का म्हणालीस?"

बारकी उठून बसली. "कारण मी दाबलं होतं ना ताई! दाबलं होतं! मला वाटलं, आता जाईल, ह्या क्षणाला जाईल. त्या बाई रडत होत्या. त्यांना काय सांगू, मशीन विचार करतंय म्हणून सांगू?" आणि परत भिंतीकडे वळली. "तू जा. तुझं शून्य बघ जा."

सुनावणी परवावर आली होती. ताईच्या नाकी नऊ आले. सकाळी ऑफिसात गेली की तोच तास, तोच रकाना, तेच शून्य. तिने व्ह्यू आतून उसवून पाहिला, एकेक ओळ तपासली. वेळेचा घोळ आहे का? नाही. दुसऱ्याच तासाचा आकडा उचलला जातोय का? नाही. आदल्या दिवशीचा तास बघितला, त्याच्या आदल्या दिवशीचा बघितला. पाळी बदलायच्या वेळेला कायमच शून्य. सगळं गुळगुळीत. स्वतःच्या कामात चूक सापडावी म्हणून जीव तोडून शोधतेय आणि काम बघावं तर चोख. असली शिक्षा वैऱ्यालाही नको. आणि मग तिच्या मनात तो विचार यायचाच, कितीही दार लोटलं तरी फटीतून यायचा. बारकी खरंच खोटं बोलत असेल तर? घाबरली असेल, हात थिजला असेल, आणि आता पडद्यावर ढकलत असेल? लहानपणी दुधाचं पातेलं सांडलं की मांजरावर ढकलायची तशी?

हा विचार आला की ताईला स्वतःची किळस यायची. पण यायचा.

विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण अंगाला काही लावून घ्यायचं नाही, हा त्यांचा धर्म.

"मॅडम, मला कळतंय, घरचा मामला आहे. पण तुम्ही यात पडू नका. तुमचा व्ह्यू म्हणजे सोनं आहे. अख्ख्या चौकशीत सगळ्यात भक्कम पुरावा तोच."

"सर, माझी बहीण खोटं बोलत नाही."

हे ती पहिल्यांदाच बोलली, आणि बोलताना तिलाच कळलं की आपला आवाज पुरेसा ठाम नाही.

"नसेल बोलत," साहेब म्हणाले. "घाबरलं की माणसाला एका क्षणाचा तास वाटतो. समजून घेतील ते. पण आपला आकडा आपण खोटा पाडायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

ती बाहेर आली, आणि जागेवर जाण्याऐवजी जिना उतरली. खरं तर तिला जायचं होतं कुठेतरी जाऊन रडायला, आणि पाय खालच्या मजल्यावर वळले. आता हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल, पण इतकी वर्षं ज्यांच्या थांबण्याचा हिशोब तिने ठेवला, त्यांच्या दालनात ती कधी गेलीच नव्हती. एक मजला! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

दालन लांबलचक होतं. कानाला हेडफोन लावलेल्या बायका-पुरुष रांगेने बसले होते आणि प्रत्येक जण हळू आवाजात बोलत होता, त्यामुळे सगळं मिळून पुष्कळ आवाज होत होता. बारकीची खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या पाठीवर तिची निळी शाल तशीच होती. शेजारी जाड चष्म्याची एक बाई बसली होती. तिने ताईला ओळखलं, आणि ओळखून तोंड फिरवलं.

"आता आलात होय," ती म्हणाली.

"जरा बसू का इथे?"

"बसा की. तुमच्याच बहिणीची जागा आहे. अजून तरी."

ताई बसली. पाळी बदलायची वेळ झाली होती, लोक उठत होते, बसत होते. चष्मेवालीला फोन आला. कुठल्याशा जिन्यावरून कोणी म्हातारं माणूस पडलं होतं. तिने पत्ता विचारला, गाडी निवडली, उजव्या हाताने 'पाठवा' दाबलं. पडद्यावर छोटं चक्र फिरायला लागलं. तोंडाने ती म्हणत होती, "हो आजोबा, हलवू नका त्यांना, उशी नका देऊ," आणि तिचा डावा हात, कोणी न सांगता, कोपऱ्यातल्या 'रद्द करा'च्या बटणावर गेला. टक्. उजव्याने पुन्हा 'पाठवा'. चक्र. डाव्याने टक्. पुन्हा 'पाठवा'. चक्र. टक्. असं चाललं होतं, भाकऱ्या थापणाऱ्या बाईचे हात चालतात तसं, लक्षही न देता. शेवटी एकदा चक्र फिरलंच नाही आणि गाडी गेली.

"हे काय केलंत?" ताईने विचारलं.

"काय केलं?"

"डाव्या हाताने. ते, रद्द."

चष्मेवालीने आपल्या डाव्या हाताकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. "ते होय! अडकलं की सोडवायचं आणि परत दाबायचं. वाट बघत बसलं तर बसूनच राहतो माणूस. सगळेच करतात. बारकीनेच शिकवलंय की सगळ्यांना, नवीन आलं की पहिल्या दिवशी."

"ती मला कधी बोलली नाही."

"बोलायचं काय त्यात? श्वास कसा घेते ते सांगता का तुम्ही कोणाला?"

ताई उठली ती जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत वर आली. खुर्चीवर न बसताच तिने व्ह्यू उघडला. आत्ताचा तास. आत्ताच, स्वतःच्या डोळ्यांनी, तिने एका बाईला दाराबाहेर थांबलेलं पाहिलं होतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. व्ह्यूमध्ये त्या तासापुढे शून्य होतं.

इथेच घोडं पेंड खात होतं.

आणि मग तिला आठवलं. व्ह्यू बांधताना तिने ठरवलं होतं की मोजणी करायची ती दार उघडून माणूस आत शिरला की. किती वेळ थांबलात, ते तेव्हा लिहायचं. रांगेत उभ्या असलेल्यांना मध्येच मोजायला गेलं तर आधीच अडकलेलं यंत्र आणखी अडकेल, म्हणून. विचार बरोबरच होता. पण जो कंटाळून रांग सोडून गेला, तो आत शिरलाच नाही. तो मोजला जाणार कधी? आणि परत आला तर नवा माणूस म्हणून आला, पहिल्यापासून. शेवटी ज्या क्षणी दाबलं त्या क्षणी दार उघडंच मिळालं, तर त्याचं थांबणं शून्य. जितकी घाई, तितकं टक्टक्, तितकं स्वच्छ शून्य.

हे तिला माहीत होतं. माहीत होतं! पुस्तिकेच्या पहिल्या खर्ड्यात तिने लिहिलंही होतं, 'ज्यांना शेवटी लॉक मिळालं, त्यांच्यापैकी कोणालाही थांबावं लागलेलं नाही.' साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, हे 'ज्यांना शेवटी' काय मध्येच? वाचताना ठेच लागते. काढा ते. सोपं ठेवा." आणि तिने काढलं. वाक्य खरंच छान झालं. सुटसुटीत. ती त्या वाक्यावर खूश होती. इतकी खूश की काय काढलं ते पुढे ती स्वतःच विसरली, आणि स्वतःच्याच वाक्यावर विश्वास ठेवून तिने बहिणीचा फोन ठेवला.

आता कडी आतून लावत कोण होतं, तेही शोधायला वेळ लागला नाही. गाड्यांच्या दुरुस्तीखात्याचा रोजचा अहवाल पाळी बदलताना चालायचा आणि संपेपर्यंत सगळ्या गाड्यांच्या नोंदी धरून ठेवायचा. कोणाच्या टायरची हवा किती, ते मोजायला. त्या दिवशी तो बारकीच्या फोनच्या जरा आधी सुरू झाला होता आणि गाडी निघायच्या जरा आधी संपला होता.

"म्हणून काय झालं?" विभागप्रमुख म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "अहवाल चालू होता, मान्य. पण त्यामुळे हिला थांबावं लागलं, याचा पुरावा? सोडलेल्या रांगेची नोंद कुठेच नाही, हे तुम्हीच म्हणताय."

"नाही आहे. म्हणूनच तर..."

"म्हणजे बघा, तुमच्या हातात एक आकडा होता, तो तुम्ही खोटा म्हणताय, आणि खरा आकडा तुमच्याकडे नाही. चौकशीत उभं राहून सांगणार काय? माझं चुकलं, म्हणून माझ्या बहिणीचं बरोबर? कोण ऐकेल?"

दुर्दैव असं की ते बरोबर बोलत होते. त्या दुपारचं बारकीचं थांबणं जगात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते बारकीला माहीत होतं आणि फोनवरच्या त्या बाईंना. बस्स.

सुनावणीची खोली साधी होती, लांब टेबल, पाण्याचे ग्लास, भिंतीवर चालणारं घड्याळ. चौकशी अधिकारी वयस्कर होते, बोलणं कमी, भुवया दाट. एका बाजूला बारकी बसली होती, मांडीवर हात, हातांत रुमाल. समोरच्या बाजूला त्या बाई, ज्यांचा नवरा गेला होता. त्या बारकीकडे बघत नव्हत्या. टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. त्या खोलीत पहिल्यांदाच कळत होतं की फोनवरच्या आवाजाला चेहरा असतो.

ताई उभी राहिली. "साहेब, तो तक्ता माझा आहे, आणि ते वाक्यही माझं आहे. वाक्य चूक आहे."

"तुम्ही या मुलीच्या कोण?"

"मोठी बहीण."

"मग तुमचं मी का ऐकावं?"

"ऐकू नका, साहेब. माझं एक अक्षरही ऐकू नका." तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "ही यंत्रणेची चाचणीची प्रत आहे. हिच्यावर खऱ्या गाड्या हलत नाहीत. दुरुस्तीचा तोच अहवाल मी इथे चालू केलाय. तुम्ही फक्त एक गाडी निवडा आणि 'पाठवा' दाबा."

विभागप्रमुख काहीतरी बोलायला लागले. अधिकाऱ्यांनी हाताने त्यांना थांबवलं. चष्मा नाकावर सरकवला, गाडी निवडली आणि एका बोटाने 'पाठवा' दाबलं.

चक्र फिरायला लागलं.

चक्र फिरतच होतं. अधिकाऱ्यांनी ताईकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं, खुर्चीत थोडे हलले. कोणी पाणी प्यायलं, तो घोटही ऐकू आला.

आणि मग टेबलाच्या पलीकडून त्या बाई बोलल्या. आवाज अगदी बारीक होता.

"साहेब, मी फोनवर आहे. गाडी निघाली का?"

ताईने हे काही ठरवलेलं नव्हतं. असलं ठरवायची हिंमत कोणाची होईल? बाईंनी मान वर केली होती आणि त्या सरळ अधिकाऱ्यांकडे बघत होत्या.

"साहेब, आमचे हे उत्तर देत नाहीत हो मला. निघाली का गाडी?"

अधिकारी पडद्याकडे बघत होते. चक्र फिरत होतं.

"निघतेय, बाई," ते म्हणाले. "निघाली. निघालीच समजा."

आणि आपल्या तोंडून काय गेलं ते कळायच्या आत त्यांचं बोट 'रद्द करा'वर गेलं होतं. टक्. परत 'पाठवा'. चक्र. परत टक्. त्या बोटाला कोणी काही शिकवलं नव्हतं. तिसऱ्यांदा दाबताना ते मध्येच थांबले, हात मागे घेतला आणि तो मांडीवर ठेवला, पोळल्यासारखा.

ताईने वाकून त्याच यंत्रावर व्ह्यू उघडला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. चालू तासापुढे शून्य होतं.

"साहेब, तुम्ही थांबला होतात का?" तिने विचारलं.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग लेखनिकाला म्हणाले, "लिहून घ्या. गाडी पाठवायला झालेल्या उशिरात या मुलीचा दोष दिसून येत नाही. आणि 'गाडी निघाली' हे तिचं वाक्य..." ते अडले. "त्या वाक्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तेही लिहा." दुरुस्तीचा अहवाल त्या वेळेला चालवायचा नाही, असं त्यांनी पुढे सांगितलं. तक्ता दुरुस्त करायचा, आणि त्या वाक्याच्या जागी खरं वाक्य लिहायचं, ठेच लागली तरी चालेल.

बारकीने रुमालात तोंड खुपसलं आणि ती इतकी रडली की ग्लासातलं पाणी हलावं. सुटल्याचा आनंद बिनंद काही नव्हता त्यात. गृहस्थ गेले ते गेलेच होते. टायरची हवा मोजता मोजता.

सगळे उठले. त्या बाई दाराकडे निघाल्या आणि बारकीपाशी थांबल्या. बारकी धडपडत उभी राहिली.

"घाम पुसा म्हणालीस, तो पुसला मी," बाई म्हणाल्या. "हात धरून बसा म्हणालीस, बसले. गाडी आली नाही. पण शेवटपर्यंत तू फोन ठेवला नव्हतास."

बारकीच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवून त्या निघून गेल्या.

बाहेर व्हरांड्यात ताईने बारकीला जवळ घ्यायला हात पुढे केले. तिला वाटलं होतं, आता सगळं धुऊन निघालं. आपण शोधलं, आपण भर सभेत उभं राहून स्वतःला चूक म्हटलं, आपल्यामुळे ही सुटली. तिच्या तोंडावर सुटकेचं हसूही आलं होतं, आणि ते तसंच राहिलं, कारण बारकी जवळ आली नाही. तिने नाक पुसलं.

"ताई, मी त्या दिवशी तुला फोन केला होता."

"हो गं."

"अडकत होतं म्हणून सांगितलं होतं."

"हो."

"तू ठेवलास."

बारकी थोडा वेळ थांबली, अगदी उत्तराची वाट बघत असल्यासारखी थांबली, आणि मग जिना उतरायला लागली. तिची पर्स बाकावरच राहिली होती. ताईने ती उचलली आणि तिच्या मागोमाग निघाली.